वाट मोडू नये म्हणून

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एखाद्या धनगरवाड्यावर हे वाक्य ऐकलेलं असतं : "ती वाट मोडली आता." मोडली म्हणजे दरड कोसळली असं नव्हे. माणसांचं जाणंयेणं थांबलं, दोन-चार पावसाळे गेले, कारवी माजली आणि वाट दिसेनाशी झाली. या शब्दात एक शहाणपण आहे. कोणी वावरलं नाही, कोणी साफ केली नाही, की वाट आपोआप मोडते.

मी गेली काही वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि महिन्यातला एखादा शनिवार ॲपलेचियन ट्रेलच्या दीड मैलाच्या तुकड्यावर घालवतो. चालायला नाही, झुडपं छाटायला, चर साफ करायला, आडवी पडलेली झाडं बाजूला करायला. असा तुकडा सांभाळणाऱ्याला आमच्या क्लबात 'ओव्हरसियर' म्हणतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा पीडब्ल्यूडीत नोकरी केलेल्या माझ्या काकांना फार आनंद झाला. पगार किती, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. पगार शून्य.

ॲपलेचियन ट्रेल ही दक्षिणेत जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेत मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. ती एका दमात चालणाऱ्यांचे व्हिडिओ तुमच्या फोनवर येऊन गेले असतील. बिल ब्रायसनचं 'अ वॉक इन द वुड्स' काहींनी वाचलंही असेल. चालणाऱ्यांच्या गोष्टी भरपूर आहेत. पण या वाटेचा इतिहास वाट राखणाऱ्यांच्या बाजूने पाहिला, की वेगळाच दिसतो. त्यात ही वाट अनेकदा मोडलेली आहे.

एक लेख

बेंटन मकाय हा वनशास्त्र शिकलेला, सरकारी वनखात्यात काम केलेला माणूस. १९२१च्या एप्रिलमध्ये त्याच्या बायकोने आत्महत्या केली. जेसी हार्डी स्टब्ज ही स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली नामांकित कार्यकर्ती. तिच्या मृत्यूनंतर मकाय न्यू जर्सीत एका संपादक मित्राकडे जाऊन राहिला आणि तिथे त्याने एक योजना लिहून काढली. ऑक्टोबर १९२१मध्ये ती अमेरिकन वास्तुरचनाकारांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आली.

आज त्या लेखाचा उल्लेख 'ट्रेलची कल्पना' असा होतो, पण मकायच्या डोक्यात त्याहून बरंच काही होतं. कारखाने आणि शहरं माणसाला पिळून काढताहेत. डोंगरकण्यावर निवारे असावेत, सामूहिक वस्त्या असाव्यात, शेतीचे तळ असावेत, तिथे कामगारांनी येऊन विसावावं, जमल्यास तिथेच राहून काम करावं, असा तो आराखडा होता. पायवाट म्हणजे हे सगळं ओवणारा दोरा. वस्त्या आणि शेतं कागदावरच राहिली. दोरा तेवढा प्रत्यक्षात आला.

पण त्या लेखातल्या दोन गोष्टी पुढे निर्णायक ठरल्या. पहिली, वाटेचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा जवळच्या स्थानिक गटाने सांभाळावा. दुसरी, हे काम लोकांच्या मोकळ्या वेळातून व्हावं. लाखो लोकांचा मोकळा वेळ ही न वापरलेली ताकद आहे, असं मकाय मानत होता. आज मी शनिवारी विळा-कोयता घेऊन निघतो, ते या दोन वाक्यांच्या हिशेबानेच.

१९२३मध्ये न्यू यॉर्कजवळ बेअर माउंटनच्या परिसरात पहिला तुकडा खुला झाला. १९२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये बैठक होऊन ॲपलेचियन ट्रेल कॉन्फरन्स स्थापन झाली. हिलाच आज कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. आणि मग काम जवळजवळ थांबलं. कल्पना सगळ्यांना आवडली होती. पण कुऱ्हाड घेऊन जंगलात जाणार कोण?

वकील आणि सायकलचं चाक

गेला मायरन एव्हरी. मेनमधल्या लूबेक या किनाऱ्यावरच्या गावात वाढलेला, सागरी कायद्याचा वकील, वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरीत. १९२७मध्ये त्याने मित्रांबरोबर पोटोमॅक ॲपलेचियन ट्रेल क्लब काढला. आठवडाभर कचेरीत बसणारी ही मंडळी शनिवार-रविवारी मोटारीतून डोंगरात जायची आणि झाडी तोडत वाट पुढे न्यायची. एव्हरी १९३१ ते १९५२ कॉन्फरन्सचा अध्यक्ष होता. या काळात त्याने ठिकठिकाणी नवे क्लब उभे केले, मार्गदर्शक पुस्तिका लिहिल्या, पत्रांचा पाऊस पाडला. सायकलचं चाक बसवलेलं मोजणीयंत्र ढकलत तो वाट मोजायचा. १९३६पर्यंत तुकड्या-तुकड्याने त्याने सगळी वाट पायाखाली घातली होती. असं करणारा तो पहिला माणूस.

एव्हरी गोड माणूस नव्हता. त्याला चालढकल खपत नसे आणि तो ते पत्रात लिहून कळवत असे. त्याच्या मते वाट म्हणजे जमिनीवरची रेघ; ती सलग हवी, खुणा केलेली हवी, मोजलेली हवी. मकायच्या मते वाट म्हणजे रान आणि रानातला एकांत. हे दोघं भिडणारच होते. निमित्त झालं शेनॅन्डोआ नॅशनल पार्कमधल्या स्कायलाइन ड्राइव्हचं.

१९३०च्या दशकात व्हर्जिनियात ब्लू रिजच्या अगदी माथ्यावरून मोटाररस्ता काढला गेला. ट्रेलही तिथूनच जात होती. मकाय म्हणाला, या रस्त्याला विरोध करा. रान गेलं तर वाटेला अर्थ काय? एव्हरी म्हणाला, रस्ता होणारच आहे. वाट थोडी खाली सरकवू, सरकारी मजूर ती नव्याने बांधून देतील. १९३५च्या सुमारास पत्रांतून कडवट भांडण झालं आणि दोघांचे संबंध कायमचे तुटले. मकायने त्याच वर्षी इतरांबरोबर वाइल्डरनेस सोसायटी स्थापन केली. एव्हरीने वाट सरकवली.

ती नवी वाट बांधणारे मजूर म्हणजे सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरची पोरं. मंदीच्या काळात १९३३मध्ये रूझवेल्ट सरकारने बेरोजगार तरुणांसाठी काढलेली ही योजना. आपली रोजगार हमी आठवा, फक्त लष्करी शिस्तीच्या छावण्यांमधली. महिना ३० डॉलर, त्यातले बहुतेक थेट घरी जायचे. ट्रेलचे कितीतरी निवारे आणि दगडी बांधकामं त्यांच्या हातची. म्हणजे 'स्वयंसेवकांनी बांधलेली वाट' या वाक्यात रोजंदारीचा मोठा वाटा गाळला जातो.

आणखी एक गोष्ट गाळली जाते. शेनॅन्डोआचा तो डोंगर रिकामा नव्हता. पार्कसाठी व्हर्जिनियाने १९२८मध्ये जमीन सक्तीने घेण्याचा कायदा केला आणि चारशेहून अधिक कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. कोयना, उजनी, पानशेत ही नावं माहीत असलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्या डोंगरांत आजही जंगलात मध्येच चुलाण्याचा दगडी उभार दिसतो, जुनी सफरचंदाची झाडं दिसतात. वसंतात एखाद्या ठिकाणी पिवळी डॅफोडिल्स ओळीत उगवतात. रानफुलं ओळीत उगवत नाहीत. ती कोणाच्यातरी अंगणाची कड असते.

पूर्ण झाली आणि मोडली

१४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. तो जोडणारी टोळीही कोअरच्याच मजुरांची होती. जॉर्जिया ते मेन सलग पायवाट तयार झाली.

जेमतेम तेरा महिने टिकली. २१ सप्टेंबर १९३८ला न्यू इंग्लंडवर प्रचंड चक्रीवादळ आदळलं आणि वाटेवर मैलच्या मैल झाडं आडवी झाली. दक्षिणेत ब्लू रिज पार्कवे नावाचा आणखी एक मोटाररस्ता वाटेचा मोठा पट्टा गिळत होता. मग महायुद्ध आलं. कुऱ्हाड चालवणारे तरुण हात युद्धावर गेले, पेट्रोलचं रेशनिंग झालं, शनिवारच्या सहली बंद पडल्या. चार-पाच वर्षांत ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्यांनी वाट झाकून टाकली. कोणी ती तोडली नव्हती. आपल्या धनगरवाड्याच्या अर्थाने ती मोडली होती.

१९४८मध्ये पेनसिल्व्हेनियाचा अर्ल शेफर हा युद्धावरून परतलेला तरुण जॉर्जियाहून निघाला. जिवलग मित्र युद्धात गेला होता. डोक्यातलं युद्ध चालून चालून काढून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. त्याच्याकडे रस्त्यांचे नकाशे आणि होकायंत्र होतं. जागोजाग खुणा नव्हत्या, वाट सापडत नव्हती. तरी १२४ दिवसांत तो कटाडिनवर पोहोचला. कॉन्फरन्सच्या लोकांना आधी खरंच वाटेना. एका दमात सगळी वाट चालता येईल, हे बांधणाऱ्यांनीच धरलं नव्हतं.

यानंतरचं नाव मला सगळ्यात प्रिय. एमा गेटवूड, ओहायोची, ११ मुलांची आई, नवऱ्याची मारहाण वर्षानुवर्षं सोसून त्यातून बाहेर पडलेली. एका मासिकात तिने ट्रेलवरचा लेख वाचला. त्यात वाट छान राखलेली आहे, असं वर्णन होतं. १९५५मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, कॅनव्हासचे बूट, हाताने शिवलेली एक पिशवी आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा घेऊन ती निघाली आणि सगळी वाट एकटीने चालली. शेवटी वार्ताहर गोळा झाले, तेव्हा आजींनी यशाबद्दल गोड बोलण्याऐवजी वाटेच्या दुरवस्थेची तक्रार केली : पडलेली झाडं, मोडके निवारे, गायब खुणा. ते देशभर छापून आलं. क्लबांची झोप उडाली आणि दुरुस्तीच्या कामाला जोर आला. माझ्या मते वाट राखण्याच्या इतिहासात एव्हरीइतकंच या तक्रारीचं स्थान आहे.

पाणी

राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, झुडपं कापायची. सत्तरी ओलांडलेल्या ज्या गृहस्थांनी मला काम शिकवलं, ते म्हणाले, झुडपं नंतर, आधी पाणी.

पायवाट उतारावर असते. पावसाचं पाणी तिला ओढा समजतं. वाटेची बाहेरची कड जरा उंच झाली, की पाणी वाटेतच अडकतं, वाटेवरून धावतं, माती नेतं, खाली दगड आणि मुळं उघडी पडतात. मग चालणारे कडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन होतात. म्हणून वाट किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवायची. जिथे उतार जास्त, तिथे लाकडाचा ओंडका किंवा दगड तिरके गाडून पाणी बाजूला वळवायचं; याला वॉटरबार म्हणतात. तो तिरकाच हवा, काटकोनात घातला तर मागे गाळ साचतो आणि दोन पावसांत तो बुजून जातो. ओव्हरसियरचं वर्षातलं निम्मं काम म्हणजे हे वॉटरबार उकरून साफ करणं. शेताचे बांध आणि चर पाहिलेल्या माणसाला यात नवं काही नाही. कोकणातल्या माझ्या आजोळी पावसाळ्याआधी पाणंदीची गटारं अशीच काढत.

हत्यारांमध्ये सगळ्यात कामाचं पुलास्की : एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. १९१०च्या महावणव्यात प्रसिद्ध झालेल्या एड पुलास्की या वनरक्षकाचं नाव त्याला आहे. बाकी पहार, फावडं, छाटणीची लांब कात्री. आणि रंगाचा डबा. झाडावरची खूण दोन इंच रुंद, सहा इंच उंच, पांढरी. एकावर एक दोन खुणा म्हणजे पुढे वळण आहे, लक्ष द्या. सह्याद्रीत आपण खडकांवर बाण काढतो, तेच काम. फरक इतकाच, की इथे मापाबाहेरचा पट्टा काढला तर पुढच्या फेरीला कोणीतरी तो खरवडून काढतं.

मोठं झाड पडलं, तर यांत्रिक करवत चालवायला रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. पण 'वाइल्डरनेस' म्हणून घोषित झालेल्या पट्ट्यात ती करवतही चालत नाही. १९६४च्या कायद्याने तिथे यंत्रांना बंदी आहे. तिथे दोघांनी दोन टोकं धरून ओढायची जुनी लांब करवत वापरतात. हा कायदा व्हावा म्हणून झटली ती वाइल्डरनेस सोसायटी, म्हणजे मकायची संस्था. मकाय-एव्हरी भांडणात शेवटी कोण जिंकलं, असा प्रश्न मला त्या करवतीच्या एका टोकाला असताना पडतो. वाट सलग आहे, हा एव्हरीचा विजय. आणि ती सलग ठेवायला मी हाताने ओंडका कापतोय, हा मकायचा.

शब्दावरची जमीन

आता या इतिहासातला कळीचा भाग. वाट पूर्ण झाली तेव्हा तिचे लांबच लांब पट्टे खासगी जमिनीवर होते. परवानगी म्हणजे बहुधा शेतकऱ्याच्या ओट्यावर झालेलं बोलणं. शब्द दिला, हात मिळवला, झालं. तो शेतकरी वारला, मुलांनी जमीन विकली, नव्या मालकाने 'आत येऊ नये'ची पाटी लावली, की वीस वर्षांची मेहनत एका दिवसात संपायची. युद्धानंतर सुट्टीतली घरं आणि नव्या वसाहती डोंगरात चढू लागल्या, तसं हे वारंवार घडू लागलं. वाट हटत हटत डांबरी रस्त्यांवर आली.

स्वयंसेवक झाडाशी, पाण्याशी, काट्यांशी लढू शकतो. खरेदीखताशी लढू शकत नाही. हे ओळखून क्लबांनी सरकारचं दार ठोठावलं. २ ऑक्टोबर १९६८ला राष्ट्रीय ट्रेल कायदा झाला आणि ॲपलेचियन ट्रेल पहिल्या दोन राष्ट्रीय पायवाटांपैकी एक ठरली. एव्हरी १९५२मध्येच वारला होता. मकाय तोवर हयात होता, वय ८९. पण कायद्याला दात नव्हते. १९७८च्या दुरुस्तीने जमीन घेण्याला पैसा आणि जोर मिळाला. त्याआधी आणि त्यानंतरही स्वयंसेवकच कोर्टकचेऱ्यांत बसून जुनी दफ्तरं चाळत होते, कोणती जमीन कोणाची हे शोधत होते. पोटोमॅक क्लबच्या रूथ ब्लॅकबर्न या त्यातल्या अग्रणी. १९८०मध्ये त्या कॉन्फरन्सच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सातबारा काढायला तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या कोणालाही कळेल, की हेही श्रमदानच आहे, अंगाला माती न लावणारं.

आज ९९ टक्क्यांहून अधिक वाट सार्वजनिक जमिनीवर आहे. काही ठिकाणी ती फुकट मिळाली नाही. नाखूश मालकांकडून सक्तीने घेतली गेली आणि तिथली कटुता अजून आहे. उत्तर व्हर्जिनियात 'रोलरकोस्टर' नावाचा साडेतेरा मैलांचा पट्टा आहे, सारखी चढण आणि उतरण. तिथे वाटेला मिळालेली पट्टी इतकी अरुंद, की वळसा घालायला जागाच नाही. चालणारे धापा टाकत शिव्या देतात. त्या चढउतारात जमिनीची वाटाघाट उमटलेली आहे.

आणि मग १९८४मध्ये एक अजब करार झाला. सरकारने जमीन घेतली आणि तिची देखभाल मोठ्या प्रमाणावर त्या खासगी संस्थेकडे, म्हणजे पर्यायाने क्लबांकडे सोपवली. मालकी सर्वांची, जबाबदारी तीसेक क्लबांची.

फुकट कामाचा हिशेब

कोविडआधीच्या वर्षांत दरवर्षी सुमारे सहा हजार माणसं या वाटेवर मिळून दोन लाखांहून अधिक तास काम करत होती. मीही माझे तास भरून देतो, गाडी चालवण्याच्या वेळेसकट. सुरुवातीला हा कारकुनीपणा वाटला. मग कारण कळलं. या नोंदीवर संस्थेला पैसे मागता येतात. आणि १९७०च्या दशकापासूनच्या कायद्यांनुसार, रीतसर नोंद असलेल्या स्वयंसेवकाला काम करताना इजा झाली तर सरकारी कर्मचाऱ्यासारखी भरपाई मिळते. माझ्या फुकट कामामागे विमा आहे, प्रशिक्षण आहे, हत्यारं ठेवायची खोली आहे, फोन उचलणारा पगारी रेंजर आहे.

म्हणून 'लोकांनी स्वतःहून केलं, सरकारची गरज नाही' असं कोणी या वाटेकडे बोट दाखवून म्हणालं, की मला पटत नाही. १९३०च्या दशकात सरकारी मजूर नसते, तर वाट पूर्ण झाली नसती. १९७८ नसतं, तर ती तुकड्यांत विकली गेली असती. उलट, नुसतं सरकार असतं, तर साडेतीन हजार किलोमीटरांवरचा प्रत्येक वॉटरबार वर्षातून दोनदा कोणी उकरला असता? महाराष्ट्रात दर रविवारी गडांवर टाकी उपसणारी, पायऱ्या मोकळ्या करणारी शेकडो पोरं आहेत. त्यांच्यात आणि पुरातत्त्व खात्यात परवानगीवरून कुरबुरी होतात. खात्याचंही बरोबर असतं; चुकीच्या जागी ओतलेलं सिमेंट दगडाला मारतं. इथला अनुभव एवढंच सांगतो, की तास, हत्यारं, प्रशिक्षण आणि जबाबदारी कागदावर आली, की उत्साह पिढ्यानपिढ्या टिकतो. ती आली नाही, तर तो एका म्होरक्याच्या वयाइतका टिकतो.

सप्टेंबर २०२४च्या शेवटी हेलीन वादळ आलं. दक्षिणेकडचे शेकडो मैल बंद करावे लागले. टेनेसीतल्या अर्विनजवळ नोलिचकी नदीवरून ट्रेल नेणारा पूल वाहून गेला. पुढच्या हंगामात चालणाऱ्यांना नावेतून पलीकडे सोडत होते. स्वतःची घरं चिखलात असलेले लोक करवती घेऊन वाटेवर गेले. १९३८नंतर जे पुन्हा जोडायला १९५१ उजाडलं होतं, तसली पडझड या वेळी कितीतरी लवकर मोकळी होऊ लागली. कारण क्लब जागेवर होते, जमीन आपली होती आणि कोणाला बोलवायचं ते ठरलेलं होतं.

पण मला काळजी वेगळी आहे. मकायने सगळा डोलारा मोकळ्या वेळावर उभा केला. तो वेळ आज कोणाकडे आहे? आमच्या गटातले बहुतेक निवृत्त, पेन्शन असलेले, गोरे. माझ्या वयाचे लोक शनिवारी ऑनकॉल असतात, दुसरी नोकरी करतात, किंवा पोरांना सांभाळतात. वाट चालणारे दर वर्षी वाढताहेत, ती राखणारे म्हातारे होताहेत. आठवड्याची सुट्टी ही कामगारांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे, आणि ही वाट त्या सुट्टीची निर्मिती आहे, हे मला या कामातून कळलं.

गेल्या वसंतात आमच्याकडे तिघं तरुण नव्याने आले. एक पॉयझन आयव्हीचे फोड आणि गोचिडी पाहून परत आला नाही. दोघी टिकल्या. दीड मैलाला दोन माणसं पुरतात.